पोरांना गुऱ्हाळावर नेलं, आता शिकवायचं काय?

प्रश्न : करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. ट्रेनिंगमध्ये परिसरातनं शिक्षण, स्थानिक ज्ञान वगैरे ऐकून वर्गाला जवळच्या गुऱ्हाळावर नेलं. पोरं गरम गूळ खाऊन आली, पण दुसऱ्या दिवशी काय शिकलात विचारलं तर ‘गूळ लई गोड होता’ एवढंच. वर पालक म्हणतात, मॅडम ते आमच्या पोरांना रोजचंच आहे, तुम्ही पाढे आणि स्कॉलरशिपचं बघा. काय करू?

उत्तर : मॅडम, पालकांचं अर्धं बरोबर आहे बघा. ज्याच्या घरचाच ऊस त्या गुऱ्हाळावर जातो त्याला नुसतं दाखवून काय मिळणार, उलट तोच तुम्हाला दाखवेल! जाताना पोरांच्या हातात प्रश्न पाहिजे, आणि तो पण एकच. माझा आवडता प्रश्न म्हणजे, गूळ झाला हे गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, कळतं कसं?

आता त्याच्याकडं ना थर्मामीटर ना घड्याळ. काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतला, पाक दाटला की थोडासा घेऊन तो गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो, गोळी पसरली तर अजून जाळ पाहिजे, घट्ट वळली की लगेच काहील उतरवायची आणि पाक गार व्हायला वाफ्यात ओतायचा. पाणी 100 अंशाला उकळतं, पण रसातलं पाणी उडून साखर दाटत जाते तसा हा आकडा चढत जातो आणि काहील उतरवायच्या वेळी तो 115 ते 118 च्या आसपास असतो. चौथीच्या पोराला आकडा नाही सांगितला तरी चालेल, पण पाण्यात सोडायच्या आधी ‘गोळी होईल का?’ असं प्रत्येकाकडनं वहीत लिहून घ्या. (पोरं काहिलीपासनं लांबच ठेवा, पाक उडाला तर कातडं सोलतं.)

गणित तर तिथं पडलेलंच आहे. एक टन उसाला साधारण 100 किलो गूळ पडतो, मग 30 किलोच्या एका रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, ऊस किती लागला? आणि घरी वडिलांना विचारून यायचं, आपल्या उसाला उतारा किती पडला, म्हणजे टनाला गूळ किती झाला. दोघांचे आकडे वेगळे आले की का वेगळे यावर वर्गात जे भांडण होतं ना, ते मिटवायला जाऊ नका, तिथंच वजाबाकी आणि दशांश आपोआप येतो. पालकांना ही वही दाखवा, स्कॉलरशिपचा विषय तिथंच संपतो.

भेंडी पण सोडू नका. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते हे पोरांना माहीत असतं, पण भेंडी घातलीच नाही तर काय होतं हे कुणी बघितलेलं नसतं. रसवंतीवरनं आलं-लिंबू न घातलेला रस आणा आणि दोन पातेल्यांत तापवा, एकात भेंडी, एकात नाही. गॅसजवळ तुम्हीच उभ्या राहा.

एक सांगून ठेवतो, गावातलं म्हणजे सगळं खरंच असं पण नाही हं. भडक पिवळा गूळ चांगला असं कितीतरी लोक मानतात, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवायच्या रसायनाचा, असतो. हे पण पोरांसमोर ठेवा, गुळव्यालाच विचारू दे की, तो स्वतःच्या घरी कुठला गूळ खातो!

प्रश्न : आमची शाळा कोल्हापूर शहरात आहे, सहल काढायला परवानगीच मिळत नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर : सर, पंचगंगा आहे की! पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी रोज पेपरात येते, ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लावा. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. आज 36 फूट 4 इंच असेल तर इशाऱ्याला किती बाकी? फूट-इंचाची वजाबाकी इथं हमखास चुकते, कारण पोरं 10 चा हातचा घेतात, 12 चा नाही. मग घरी आजी-आजोबांना विचारायचं, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, गल्लीत कुठल्या पायरीला टेकलं होतं.

फक्त वर्गात कुणाचं घर पाण्यात गेलं होतं का हे आधी गुपचूप माहीत करून घ्या, त्या पोराला सगळ्यांसमोर विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतंय, आणि बाकीच्यांपेक्षा जास्त नेमकं सांगतंय.