मे महिन्यात नागपूरहून आजी-आजोबा आणि मुलांसह नैनितालला जायचंय. मुक्काम कुठे करावा?

मुक्काम भीमतालला करा. नैनिताल तिथून साधारण २२ किलोमीटर, एका दिवसात होतं. सुट्ट्यांत नैनितालची गर्दी आजी-आजोबांना झेपत नाही. दिल्लीला गाडी बदलून काठगोदाम गाठा, तिथून टॅक्सी. भीमताल सुमारे १,३७० मीटरवर आहे, नैनितालपेक्षा खाली, त्यामुळे दुपारी थोडं ऊन लागतं. पण कूलरसमोरून उठून गेलेल्या नागपूरकराला ते काहीच नाही!

भीमतालजवळचं नौकुचियाताल हे तळं मात्र सकाळीच गाठा. आमच्या लेकीनं नावेतून पाण्यात हात घातला आणि गारठून लगेच फ्रॉकला पुसला. रस्त्यात मीठ लावलेली लालबुंद काफळं (तिथली छोटी डोंगरी फळं) मिळाली तर नक्की खा, ती उन्हाळ्यातच येतात. घाटात मुलांना गाडी लागते, आवळा सुपारी जवळ असू द्या.