हिरवी पेटी आणि फ्रिज

प्रश्न: ताई, नमस्कार. मामाने रत्नागिरीहून पाच डझनांची हापूसची पेटी पाठवली, सगळे हिरवेगार. आमची दहा बाय बाराची खोली, त्यात मे महिन्याचा उकाडा, एकदम सगळे पिकले तर खाणार कोण म्हणून तीन डझन धुवून-पुसून थेट फ्रिजमध्ये टाकले. दोन डझन पलंगाखाली ठेवले ते आठवड्यात मस्त पिकले. फ्रिजमधले दहा दिवसांनी काढले तर सालीवर करडे चट्टे, बारीक खड्डे, आणि बाहेर ठेवून आठवडा झाला तरी पिकायचं नाव नाही, कापला तर नुसता आंबट. सासूबाई म्हणतात आंब्यात साका होता, मामाने गंडवलं. खरंच का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: मामांवर रुसला असाल तर आधी फोन करून गोड बोला, त्यांची काहीच चूक नाहीये. साका झाला की आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो, पण बाहेरून आंबा एकदम देखणा, सुरी घातल्याशिवाय कळत नाही आणि तो झाडावरच होतो. तुमचे चट्टे बाहेरून आहेत, शिवाय त्याच पेटीतले दोन डझन नीट पिकलेच ना! आंब्याला थंडी बाधलीय.

फळ तोडलं तरी ते श्वास घेत असतं, आणि आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो ज्याने तो पिकतो. गारव्यात हे सगळं मंदावतं म्हणून फळ टिकतं, पण प्रत्येकाची एक हद्द असते. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन्‌महिने राहतं, ते थंड मुलखातलंच. आंबा, केळी, पपई ही उष्ण हवेतली, कच्च्या आंब्याला साधारण १२-१३ अंशांखाली सोसत नाही, आणि आपला फ्रिज असतो ४-५ अंशांवर. तेवढ्या थंडीत पेशींचे पडदे बिघडतात आणि मग बाहेर काढून कितीही लाड केले तरी पिकायची क्रिया धड होत नाही. केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते ना, त्याच जातीचा प्रकार.

म्हणून आधी पिकवा, मग गार करा. पेंढा मिळाला तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्र, एकाच थरात, हवा खेळती, आणि रोज हात फिरवून बघा कारण देठाजवळ एक काळा डाग पडला की शेजारचे दोन जातात. पिकलेले फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतात. त्याहून जास्त झाले तर रस काढून डब्यात भरून फ्रीजरला टाका, पुढच्या सणाला पुरणपोळीबरोबर काढा. (आमच्याकडे तो जुलै बघत नाही ही गोष्ट वेगळी.) उरलेल्या तीन डझनांत बुरशी नसेल तर मेथांबा करा, गूळ जरा सढळ हाताने.

प्रश्न: परदेशी जाणारे आंबे गरम पाण्यात बुडवतात म्हणे. घरी करू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: बुडवतात, खरंय. युरोपला जाणाऱ्या आंब्याला ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात, ते फळमाशीची अंडी-अळ्या मारायला. अमेरिकेला जाणाऱ्यावर त्यासाठी विकिरणाची, म्हणजे किरणांच्या माऱ्याची, प्रक्रिया करतात, आपल्याकडे वाशीला आणि लासलगावला ती सोय आहे. करपा या बुरशीजन्य रोगाच्या काळ्या डागांसाठी पाणी आणखी गरम, ५२ अंशांच्या आसपास, पण फक्त पाच-दहा मिनिटं. दोन-तीन अंश वर गेलं की साल भाजते, आणि गॅसवरच्या पातेल्यात बोट घालून ५२ अंश कुणाला कळत नाहीत हो. थर्मामीटर असेल आणि दहा मिनिटं तिथून हलणार नसाल तर दोन आंब्यांवर करून बघा, सगळी पेटी पणाला लावू नका. आणि पाण्यातून काढले की पुसून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय कागदात गुंडाळायचे नाहीत, मुंबईच्या दमट हवेत ओला आंबा दोन दिवसांत बुरशी धरतो.