आधी शून्य मोज

प्रिय बाय,

तुझा आलेख पाहिला. वायबीसीओ या सुपरकंडक्टरच्या पेलेटचा (दाबून भाजलेल्या वडीचा) रोध ९० केल्विनच्या आसपास छान कोसळतो आणि द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, मीटर शून्याऐवजी ४ मायक्रोव्होल्टवर अडून बसतो. तेवढ्यावरून विषयच बदलायला निघालीस! कष्टांना तू घाबरत नाहीस, म्हणून धीर देत बसत नाही. एवढंच सांग, करंट बंद असताना मीटर काय दाखवत होता? तुझ्या वहीत ती नोंदच नाही.

आधी शून्य मोज.

दोन जोडांच्या तापमानात अंशाचा फरक पडला, की स्वच्छ तांब्याला तांबं जोडलेल्या ठिकाणी ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी व्होल्टेज येतं. तांबं आणि साधं सोल्डर असेल तर १ ते ३. टोक काळवंडलेलं असेल तर हजाराच्या घरात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात तांबं काळवंडायला कितीसा वेळ लागतो? तारांची टोकं बारीक पॉलिश पेपरने घासून लगेच जोड. मीटरच्या टर्मिनलवर पंख्याचा वारा येऊ देऊ नकोस.

मग करंट बंद ठेवून दोन मिनिटं नोंद घे. अधिक १० मिलिअँपिअर, उणे १०, पुन्हा अधिक १०. दोन्ही अधिक वाचनांची सरासरी काढ, तीतून उणे वाचन वजा कर, निम्मं कर; करंटशिवायचं व्होल्टेज असं गळून पडतं. शेवटी परत शून्य. दोन शून्यांत मोठा फरक दिसला तर तो संच टाकून दे, कितीही सुंदर दिसो. लोक याला माझा हट्ट म्हणतात. म्हणोत. तो अंगी उशिरा आला, आणि त्याआधीच्या माझ्या वह्यांवर मी आज विसंबत नाही.

एवढं करूनही व्होल्टेज उरलं आणि ते करंटबरोबर वाढत असेल, तरच भट्टीकडे वळ. तेव्हा बहुधा ऑक्सिजन कमी पडलेला असतो. सिंटरिंगनंतर, म्हणजे भट्टीत भाजून कण जुळल्यावर, ऑक्सिजनच्या प्रवाहात मिनिटाला एक अंश उतरव आणि ४५० अंश सेल्सिअसला किमान १२ तास ठेव. दुसरी चूक मला तुझ्या फोटोतच दिसली. थंडगार नमुना तू थेट ताळगावच्या दमट हवेत काढतेस, त्यावर दव धरतं. वायबीसीओला पाणी सोसत नाही, बेरियम फुटून कार्बोनेट होतं आणि कणांच्या सीमा बिघडतात. नमुना नायट्रोजनच्या वाफेतच कोमट होऊ दे, मग सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या बंद भांड्यात, ठेव.

तुला पुढे पॉवर केबलवर काम करायचंय ना? जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये १ किलोमीटरची सुपरकंडक्टिंग केबल १० किलोव्होल्टला ४० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) वीज वाहण्यासाठी सुरू झाली, ती सुपरकंडक्टर टेपच्या, म्हणजे पातळ पट्टीच्या, अशाच मोजमापावर उभी होती. टेपचा क्रिटिकल करंट, म्हणजे ती रोधाशिवाय वाहू शकते तो सर्वाधिक करंट, ठरतो सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्टवर. टॅप, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या तारा, ५ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे मर्यादा ५ मायक्रोव्होल्ट. त्यात तुझे न मोजलेले ४ मिसळले, तर खरा १ मायक्रोव्होल्ट असतानाच तू मर्यादा गाठलीस म्हणशील. एन-मूल्य (करंटबरोबर व्होल्टेज किती झपाट्याने चढतं त्याचा घातांक) २५ धरलं तर करंट ६ टक्के कमी येतो, आणि एन तर पारच चुकतं. अशा आकड्यावर कुणी केबलचं डिझाइन करणार? शून्य मोज, बाय. टेपवरही, पेलेटवरही, दर वेळी.

सोमवारपर्यंत नवा आलेख पाठव, पहिल्याच ओळीत शून्याची नोंद हवी. आणि पावसाची सर आली म्हणून खिडक्या लावून घेऊ नकोस. एक लिटर द्रव नायट्रोजनची सुमारे ७०० लिटर वाफ होते, बंद खोलीत ती श्वासातला ऑक्सिजन हटवते आणि कळतही नाही.

तुझा,
सर