निलगिरीच्या एकट्या झाडाचं बी का रुजत नाही?

तुमचा प्रश्न असा की दारात निलगिरीचं एकच झाड आहे, दरवर्षी लदलदून फुलतं, मधमाश्या पण येतात, मग बी पेरलं की चारदोनच रोपं का आणि तीही मरतुकडी का. आमच्या बांधावर हेच झालेलं म्हणून लिहितोय.

आधी फुलायच्या बेतात असलेली एक कळी तोडा आणि तिचं टोक नखाने ढकला, पेनाचं टोपण निघावं तसं अख्खं हातात येतं. पाकळ्या म्हणजे हेच टोपण, एकमेकींना चिकटलेल्या (बऱ्याच जातींत बाहेरची निदलं पण त्यातच), त्यामुळे उमललेल्या फुलात पाकळी शोधत बसू नका. निलगिरीचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस, त्या ग्रीक नावाचा अर्थच 'नीट झाकलेलं'. आत पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका दिसतो ते सगळे पुंकेसर आणि मधोमध एकच काडी, ती मादीची बाजू. टोपण पडलं की पराग लगेच सुटतो पण काडीचं टोक तेव्हा तयारच नसतं, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि तोवर त्याच फुलातला पराग बहुतेक संपलेला असतो.

पण शेजारच्या फांदीवर फूल आजच उघडलेलं असतं ना, आणि माशी कशाला लांब जाईल, ती त्याच झाडाचा पराग आणून टाकते. गंमत म्हणजे झाड तो दारातच अडवत नाही, निलगिरीच्या ग्लोब्युलस जातीत बघितलंय की स्वतःच्या परागातून फुटलेली नळी पार बीजांडापर्यंत (ज्याचं पुढे बी होतं) पोचते आणि तरी बी कमीच धरतं, बरीच बीजांडं नंतर गळपटतात. काही झाडं स्वतःवर अजिबात बी धरत नाहीत, काही थोडंफार धरतात, पण त्या बियांची रोपं खुरटी निघतात, कारण एरवी दबून राहिलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात.

बोंडं कागदावर वाळवून झटका, जो तांबूस भुसा पडतो तो फळलाच नाही असा माल, खरं बी त्यातले मोजके काळपट दाणे. तुम्ही भुसाच पेरला असेल तर आश्चर्य नाही, मी पहिल्या वर्षी तेच केलं.

दुसरं झाड लावणार असाल तर ते बियांपासून केलेलं, वेगळ्या झाडाचं बघा. आम्ही नर्सरीतून चाळीस रोपं आणली होती, नंतर कळलं सगळी एकाच नंबरच्या क्लोनची (एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली), म्हणजे परागाच्या हिशेबाने बांधावर झाड एकच.