पाटाची खालची बाजू दाखव

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे सुतारकामाचे व्हिडिओ पाहिले. सागवानी पाटाचा तर मध्ये मध्ये थांबवून पाहिला. काम नीट आहे. फळी सपाट झाली का ते तू पट्टी आडवी-तिरपी ठेवून, उजेडाकडे धरून बघतेस, हे मला आवडलं. बरेच जण नुसता हात फिरवून मोकळे होतात. हौशी मंडळींसमोर हे टाकताना काय सुधारावं, असं तू विचारलंयस. कौतुक करणारे तुला भरपूर मिळतील, तेव्हा मी ते काम त्यांच्यावर सोपवतो.

पाटाच्या व्हिडिओत सुरुवातीला तयार पाट फिरवून फिरवून दाखवलाय. शेवटी पुन्हा तोच पाट, शेजारी रांगोळी आणि समई. आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्या फळीत कशा बसवल्या, तो भाग इतका पळवलाय की चहाचा घोट घेईपर्यंत संपतो. अगं, पाट म्हणजे तेवढंच तर असतं! वरची फळी काय, वखारीतलं मशीनसुद्धा रंधून देतं.

तुला कारण माहीत आहे, पण बघणाऱ्याला नाही. फूटभर रुंद फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना आडव्या अंगाने दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते. लांबीत जवळपास काही फरक पडत नाही. पट्टी बसते फळीच्या आडवी, म्हणजे पट्टीची लांबी फळीच्या रुंदीवर येते. फळी हलणार, पट्टी जागची हलणार नाही. अशा वेळी पट्टी फेविकॉल आणि स्क्रू लावून गच्च आवळली, की या नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फळी उभी चिरते. म्हणून जाणते सुतार तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच काढतात, पट्टीची कड त्याच कलाने तासतात आणि एका टोकाकडून ठोकत सरकवतात. पट्टी फळीला बाक धरू देत नाही, पण फुगायला-आकसायला मोकळीक ठेवते. गोंद लावायचाच तर मधोमध बोटभर.

हे सगळं तू केलंस आणि पळवून टाकलंस. खाच किती खोल काढलीस? फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाटली, पण मला अंदाज करावा लागला. करवत तिरपी चालावी म्हणून बाजूला एक ठोकळा आवळला होतास, तो क्षणभर दिसला आणि गेला. त्या ठोकळ्याचा कल कसा धरलास, तोच कल पट्टीला कसा दिलास, हेच तर शिकण्यासारखं आहे. आणि पट्टी पहिल्या खेपेला अर्ध्यात अडलीच असणार, ती सगळ्यांचीच अडते. मग कुठे तासायचं ते तुला कसं कळलं? घासून चकाकलेली जागा बघितलीस, की खडू फासून परत सरकवलीस? तिथे कॅमेरा बंद केलास, असं दिसतं. पुढच्या वेळी नेमका तिथेच चालू ठेव. पट्टी अडते, बाहेर काढून तू ती निरखतेस, पटाशीने केसभर साल काढतेस, परत सरकवतेस, एवढी दोन मिनिटं जशीच्या तशी सोड. मागे संगीत नको. खाच साफ करतानाची भाराभर पटाशी पळव, दुसरी पट्टी पळव, पॉलिशपेपर तर खुशाल पळव.

कुठे पळवायचं आणि कुठे थांबायचं याचा माझा ठोकताळा सांगतो. हात जिथे तेच ते करत असतो, तिथे पळव. हात जिथे थांबून विचार करतो, तिथे थांब. लोक बरोबर उलटं करतात, कारण थांबलेला हात पडद्यावर कंटाळवाणा दिसतो. दिसू दे. ज्याला कंटाळा आला तो पाट करणारच नव्हता.

आता कॅमेऱ्याचं. तू उजव्या हाताने काम करतेस आणि फोनही उजवीकडे ठेवतेस, त्यामुळे निम्मा वेळ मला तुझं मनगट दिसतं. फोन डावीकडे घे, टेबलापेक्षा वीतभर उंच, म्हणजे हत्याराचं टोक आणि आखलेली रेघ दोन्ही एका चौकटीत येतील. डोक्यावरच्या ट्यूबने लाकूड सपाट दिसतं, त्याचा रेषा, म्हणजे तंतूंची ठेवण, मरतो. एक साधा टेबललॅम्प बाजूने, अगदी लाकडाला लागून ठेव. मार्किंग गेजची, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायच्या हत्याराची, बारीक रेघसुद्धा सावली टाकेल, आणि रंध्याने कुठे उलटा रेषा उचकटलाय तेही लपणार नाही. चित्र लुकलुकतं त्याचं कारण तुझा फोन नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. फोनमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवता आलं तर लुकलुक जाते.

आवाज काढून टाकू नकोस. धार असलेल्या रंध्याचा आवाज वेगळा, बोथट पात्याचा वेगळा. नवशिक्याला हे लिहून समजत नाही, ऐकून लगेच समजतं.

मापांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण आमचा धंदाच मापाचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न ड्रॉइंगपेक्षा तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी आमच्याकडे मापाची पट्टीच वेगळी असायची, फुटाला सूतभर वाढीव. साधी पट्टी आणि ती पट्टी शेजारी ठेवल्या तर पटकन ओळखू यायच्या नाहीत. त्यामुळे नुसता आकडा कानावर आला की पहिला प्रश्न यायचा, कुठल्या पट्टीने? ती खोड अजून जात नाही. तू व्हिडिओत 'पाऊण इंची फळी' म्हणतेस. ती रंधण्याआधी पाऊण होती की रंधल्यावर? वखारीतून पाऊण इंच म्हणून आणलेली फळी दोन्ही बाजूंनी रंधली की पाच सूतही उरायची मारामार. प्लायवाल्याची सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटर, पण त्याच्या अठरालाही दुकानदार सहा सूतच म्हणतो. तेव्हा सूत सांग, मिलिमीटरही सांग, आणि माप कधी घेतलं ते सांग. अमेरिकेतले वॉलनट आणि मेपलचे व्हिडिओ बघून आपली मुलं लाकूड शोधत फिरतात आणि शेवटी काहीच करत नाहीत. तू कुठलं लाकूड घेतलंस, नवं की जुन्या दाराचं, घनफुटाला काय पडलं, हे सांगितलंस तर त्यातले चारजण तरी वखारीपर्यंत पोचतील.

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन वापरतेस ते चांगलंच आहे, स्वस्त आणि मऊ. पण परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो, तो कॅमेऱ्यासमोर धर. त्यात एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान तीस मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते लाकूड घरातल्या वस्तूला घेऊ नये. हे फार थोडे लोक सांगतात.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. स्टुलाच्या व्हिडिओत तू चार इंची ग्राइंडरला दातेरी लाकूडपातं लावून पाय कापलेस, आणि पातं दिसावं म्हणून गार्ड काढून ठेवलास. मला माहीत आहे, निम्मी साइटवरची सुतारकामं अशीच चालतात. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या मारतो, लाकडाची सर्क्युलर सॉ त्याच्या निम्म्याने. ग्राइंडरला तळपट्टी नाही, लाकडावर टेकून चालायची सोय नाही. दाता गाठीत अडकला की यंत्र हातातून उसळतं, आणि उसळतं ते बोटांकडे, मांडीकडे, गळ्याकडे. मार्बल कटर प्लायखाली उलटा बांधून टेबलसॉ केल्याचे व्हिडिओही तू आवडीने बघतेस. त्यात पात्यामागे काप उघडा ठेवणारा फाळ नसतो, त्यामुळे कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळतं आणि अंगावर फेकलं जातं. साइटवरचा सुतार हे करतो तेव्हा ती जोखीम त्याची एकट्याची. तू करून दाखवतेस तेव्हा तुझा हात बघून कुठेतरी बारामतीत नाहीतर बेळगावात एखादा अकरावीतला पोरगा तसंच पातं आणणार. तू खाली 'घरी करून पाहू नका' असं लिहिलंस म्हणून तो थांबणार नाही. सगळं घरी करून पाहण्यासाठीच तर टाकतेस!

व्हिडिओने माणसं दगावल्याचं उदाहरण आहेच. लाकडावर खारं पाणी फासून, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज सोडून फांद्यांसारखी जळकी नक्षी काढतात. दिसायला अप्रतिम, म्हणून ती जगभर पसरली आणि परदेशात कित्येक जण ती करताना विजेच्या धक्क्याने गेले. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या कातारकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ती करून दाखवायला बंदी घातली. तुला कुणी आग्रह केला तरी तिच्या वाटेला जाऊ नकोस.

लहान गोष्टीही दाखवत जा. पेंटच्या दुकानातलं जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून टोपलीत टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. काम झाल्यावर तू ती पसरून दोरीवर टाकतेस का, ते व्हिडिओत यायला हवं. फिरत्या यंत्रावर हातमोजे नकोत. आणि पॉलिशपेपर मारताना नाकावर नुसता रुमाल बांधतेस तो पुरत नाही, बारीक भुसा त्यातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली आहे. मास्क लावलेला चेहरा वाईट दिसतो म्हणून काढू नकोस. तसाही चेहरा दाखवायची गरज नाही. अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या फिती बघ, मराठीतही आहेत. एक-दोन मिनिटांत वस्तू उभी राहते, आणि पोरं लगेच कात्री शोधायला लागतात.

शेजारच्या मिस्त्रींना तू कामावर शूट केलंस, ते त्यांना विचारून केलंस ना? त्यांच्या हाताखाली शिकलेली युक्ती आपल्या नावावर खपवू नये, हे तुला सांगायला नको. पण त्यांचं नाव टाकायचं की नाही हेही त्यांनाच विचार. काही जणांना नाव आवडतं, काहींना भीती वाटते की गिऱ्हाईक भाव पाडेल. व्हिडिओतून चार पैसे आले तर त्यातला त्यांचा वाटा आधी ठरव, नंतर अवघड होतं.

टीका येईल. कोणी म्हणेल हा सुताराच्या जातीचा धंदा, तू कशाला. त्याला उत्तर देऊ नकोस. कोणी म्हणेल पटाशीची धार बरोबर नाही. त्याला कोन विचार, दगड कुठला वापरतो ते विचार. खरा कारागीर असेल तर तो लांबलचक लिहील, आणि ते तुझ्या पुढच्या व्हिडिओला उपयोगी पडेल. फुकट यंत्र पाठवणाऱ्या दुकानदारांबद्दल एवढंच, की फुकट मिळालं असेल तर तसं सुरुवातीलाच सांग.

पाटाचा न कापलेला, न पळवलेला मूळ भाग तुझ्याकडे असेल तर मला तसाच पाठव, कितीही लांब असला तरी. कुठे कापायचं ते मी मिनिटं टाकून कळवतो. स्टुलाचा व्हिडिओ मात्र आजच काढून टाक, आणि पाय हातकरवतीने कापून पुन्हा कर. सव्वा इंचाचा पाय आहे, धार असलेल्या करवतीला मिनिट लागत नाही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
काका