डिस्टॉर्शन आलं, रिव्हर्ब गेला

प्रश्न : कॉर्ग ट्रायटन या सिंथेसायझर कीबोर्डवर गिटारचा प्रोग्राम (एक तयार आवाज) कॉम्बिनेशनमध्ये (अनेक प्रोग्रामच्या एकत्र मांडणीत) घेतला. आयएफएक्स १ मधून, म्हणजे पहिल्या इन्सर्ट इफेक्टमधून, डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) मिळतं. पण टिम्बरचा (कॉम्बिनेशनमधल्या त्या प्रोग्रामच्या जागेचा) सेंड २, म्हणजे एमएफएक्स २ कडे जाणारा आवाज, कितीही वाढवला तरी एमएफएक्स २ (दुसरा मास्टर इफेक्ट) वरचा रिव्हर्ब (घुमणारा आवाज) ऐकू येत नाही. का?

उत्तर : टिम्बरचा सेंड फक्त बस सिलेक्ट (आवाज कुठे पाठवायचा ती निवड) एल/आर किंवा ऑफ असताना चालतो. इन्सर्टमधून गेलेल्या आवाजासाठी इन्सर्ट इफेक्टच्या पानावर वेगळा सेंड २ असतो. तो बहुधा शून्यावर असेल. ४० पासून वाढवत न्या. इन्सर्टची साखळी असेल तर शेवटच्या इन्सर्टचाच सेंड धरा. तरीही रिव्हर्ब नाही? रिटर्न २ (एमएफएक्स २ मधून परत येणाऱ्या आवाजाची पातळी) पाहा. आणि बेस गिटारचा आवाज त्याच आयएफएक्सवर मुळीच पाठवू नका. डिस्टॉर्शन दोन्ही आवाज एकत्रच चिरडतं, मग नुसता चिखल.