पन्नासपर्यंत म्हणते, पण चार वाट्या आणत नाही

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची आहे. पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. पण ‘चार वाट्या आण’ म्हटलं की हाताला लागतील तेवढ्या घेऊन येते. समोर पाच वाट्या मांडल्या तर पाचपर्यंत नीट मोजते, आणि ‘मग किती झाल्या?’ विचारलं की परत एकपासून सुरू. तिचे आजोबा ज्वारी मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, त्यानं तिचा घोटाळा होतोय का? सूनबाई म्हणते, क्लास लावू या.
– एक आजी, तासगाव

उत्तर : आजी, आधी क्लासचं सांगते. लावू नका. साडेतीन वर्षांच्या मुलीला गणिताच्या क्लासची गरज नसते. तिला तुमचं स्वयंपाकघर पुरेल.

नातीचं काही चुकत नाहीये. ‘एक, दोन, तीन, चार’ हे तिच्यासाठी अजून शुभंकरोतीसारखं आहे, म्हणायचं आणि शाबासकी घ्यायची. ‘किती?’ म्हटलं की तिला ‘मोज’ एवढंच ऐकू येतं, म्हणून बिचारी पुन्हा मोजते. शेवटी उच्चारलेलं ‘पाच’ हे शेवटच्या वाटीचं नाव नाही, तो सगळ्या वाट्यांचा मिळून आकडा आहे, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कधी शिकलो ते आठवतही नाही. मुलांना मात्र ते शिकावं लागतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास लहान मुलांना ‘मला तीन दे’, ‘मला पाच दे’ असं सांगून पाहिलं. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. तोंडानं दहापर्यंत म्हणणारं मूलही तीन मागितले की मूठभर देतं. तुमच्या नातीच्या वाट्यांचं तेच आहे.

मी सांगलीत गावभागात तीस वर्षं बालवाडी चालवली. एक मुलगी होती, बाटल्यांची झाकणं मागितली की दोन्ही ओंजळी भरून आणायची. मी तिला ‘चूक’ कधी म्हटलं नाही. ‘बघू या हं, तीन आहेत का,’ म्हणायचे आणि आम्ही दोघी मिळून एकेक झाकण माझ्या पदरात टाकायचो. एक, दोन, तीन. तिथं मी थांबायचे, पदरावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, ‘तीन झाकणं.’ उरलेली तिच्या ओंजळीत तशीच. असं महिनाभर चाललं. एके दिवशी डबा खाताना तिनं भाकरीचे तुकडे केले, दोन माझ्या हातावर ठेवले, दोन स्वतःकडे घेतले, सगळ्या तुकड्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘बाई, चार हायती.’ बोट लावलं नव्हतं, मोजलंही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

तेव्हा ‘किती?’ कमी विचारा आणि ‘आण’ जास्त म्हणा. दोन चमचे आण, दोन कांदे दे. दोन पक्के झाले की तीन. पन्नास राहू द्यात बाजूला, पाचाच्या पुढं जायची घाई नको. जेवणाची ताटं तिलाच मांडू द्या, आजोबांना एक, आईला एक, तुम्हाला एक. यात आकडा उच्चारलाच पाहिजे असं नाही. एकाला एक जोडणं हाच मोजण्याचा पाया आहे. मोजताना तोंड बोटाच्या पुढं पळतं, म्हणून वस्तू उचलून पलीकडच्या ताटलीत ठेवायला लावा. ठेवलेली पुन्हा मोजली जात नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजायला मजा येते, पण पायरी मागं पडली की समोर काही उरत नाही, ‘एकूण किती’ दिसत नाही. त्यासाठी गोष्टी हातात येणाऱ्या हव्यात.

महागडी खेळणी आणू नका. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, खडे यांचंच शिक्षणसाहित्य केलं होतं. फक्त चिंचोके, हरभरे देताना शेजारी बसून राहा. आमच्या बालवाडीत एका मुलानं हरभरा नाकात घातला, डॉक्टरकडे पळावं लागलं. तेव्हापासून लहानांना मी झाकणंच दिली.

आणि आजोबांचा ‘लाभ’ चालू द्या! एक माप पडतं तेव्हा एकच शब्द, हे ती त्यांच्याकडूनच बघतेय. ‘आजोबा एकाला लाभ म्हणतात’ एवढं तिला सांगा. मुलांना अशी गुपितं फार आवडतात.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. अठ्ठावीसनंतर ‘वीसनऊ’ म्हणतो. याचे बाबा चिडतात.
– एक आई, कराड

उत्तर : बाबांना सांगा, मुलानं डोकं चालवलंय. वीस आणि नऊ हे त्याला बरोबर कळलंय, शब्द तेवढा आपल्या भाषेचा अवघड आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण मुलं कुठं अडतात हे त्या मंडळींनी अचूक ओळखलं होतं असं माझं मत आहे. आपले जुने शब्दही मुलांना यायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण पाचव्या वर्षी त्यावरून ओरडा नको.

‘एकोण’ म्हणजे एक उणा. नव्व्याण्णव सोडलं तर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे तेच. तोंडी समजावू नका, दाखवा. तो पाच वर्षांचा आहे, चिंचोके चालतील, पण बसा जवळच. दहा-दहाच्या दोन ओळी मांडा, तिसरीत नऊच. त्या रिकाम्या जागेवर त्याचं बोट ठेवा आणि म्हणा, ‘तीस व्हायला एक उणा, एकोणतीस.’ मग राहिलेला चिंचोका त्याच्या हातात द्या.